डावं पुढचं चाक

इथं गाडी डावीकडून चालते, म्हणून खरचटतं ते डावं चाक.
सोळा वर्षं किडरमिन्स्टरात हेच काम.
कुणी उजवं चाक घेऊन आलं, तर मी आधी चहा पाजतो
आणि मग विचारतो, घरी सगळं ठीक ना.

आईला सुरुवातीला फोनवर सांगितलं होतं:
कल्हई लावतो. चाकांना.
ती म्हणाली, चाकांत कोण जेवतं तिकडे?

कुणी जेवत नाही. पण चमक हवी असते.
फुटपाथची कड बोटभर अलॉय खाऊन जाते
आणि चांगली मोठी माणसं रात्र जागून काढतात.
"मी नाही हं केलं," हे पहिलं वाक्य,
नाव सांगायच्याही आधी.
बायकोनं केलं, पोरानं, गाडी धुणाऱ्यांनी.
एका पाद्रीबाईंनी नुसतंच वर बोट दाखवलं होतं.
मी मान हलवतो. ओरखडा खोटं बोलत नाही,
पण त्याची साक्ष काढायचे मला पैसे मिळत नाहीत.
मिळतात ते पुसायचे.

टायर आणि रिमच्या फटीत पत्ते खोचत जातो,
एकावर एक, गोल, चाकाला झालर लावल्यासारखे.
जुना कॅट आहे, चौकट तिर्री केव्हाच हरवली,
बदाम राणीच्या तोंडावर कुणाकुणाच्या गाडीचा चंदेरी.
मग ऐंशीचा पॉलिश पेपर, मग दोनशे चाळीस, मग चारशे,
पुट्टी, प्राइमर, रंग, लॅकर.
थंडीत लॅकर सुकत नाही.
लाल दिवा लावून चाकाशेजारी बसतो
खुडूक कोंबडीसारखा.

सिरिल टिमिन्स मार्चमध्ये आले.
"मीच केलं," म्हणाले. एवढंच.
सोळा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.
मी दहा पौंड कमी घेतले.

जूनमध्ये पुन्हा. तेच चाक, माझ्याच रंगावरून.
सप्टेंबरात पुन्हा, आणि या वेळी
ओरखडा पूर्ण गोल, सुरुवात कुठं ते सापडेना.
म्हणजे कड लागली, घासत राहिली,
चाकानं एक अख्खा वळसा घेतला
आणि आत बसलेल्या माणसाला पत्ता नाही.

मी चहाचा कप पुढे केला. त्यांच्या डावीकडून.
त्यांनी तो बघितलाच नाही.
हात तिथंच राहिला माझा, कप निवत.

"मुलगी रविवारी येते," ते म्हणाले.
"त्याआधी होईल ना, हॅरी?"
(माझं नाव हेरंब. ते असू दे.)

तेव्हा कळलं, दोन वेळा मी त्यांना काय विकलं होतं.

मराठीत फुटपाथलाही कड असते
आणि माणसाचीही कड घेतात.
मी मार्चपासून त्यांची घेत होतो,
गुडघे टेकून, चारशेच्या पेपरनं, हळूहळू,
बोट फिरवलं तर जाणवू नये इतकी.
पण डावीकडे नुसती कड नसते.
साडेतीनला तिथं शाळा सुटते.

"रंग संपलाय," मी म्हणालो.

मागे फळीवर चंदेरीचे सहा डबे,
ओळीनं, लेबलं पुढे करून.
ते त्यांच्या उजवीकडे होते. त्यांना दिसले.
मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
कॉम्प्रेसर आपला आपण सुरू झाला, बंद झाला.
पुन्हा सुरू झाला.

किल्ली त्यांनी पत्त्यांच्या कॅटवर ठेवली.
"बस किती वाजता आहे रे?"
मी म्हटलं, बस कशाला.

त्यांचीच गाडी. चालवायला मी.
ते शेजारच्या सीटवर, फुटपाथच्या बाजूला,
मांडीवर टोपी.
मी इंजिन सुरू करून थांबलो.
सीटबेल्ट शोधत होते ते,
समोर, खाली, माझ्या बाजूला.
तो डावीकडे होता.
मी वाकून ओढला आणि लावला.