खिसा

दोरा मी दातानेच तोडत आले.
कात्री हाताशी असायची, तरी.
रामबागेतल्या खोलीत बत्तीस वर्षं
मशीन, मी,
आणि समोरच्या दाताला पडलेली बारीक खाच.
दोरा बरोबर तिथेच बसायचा.

मागच्या मार्गशीर्षात झबलं शिवत होते,
पागनिसांच्या नातवाचं, पांढरं मलमल.
शेवटचा टाका. दोरा तोडला
तर टोकाला लाल.
सुई टोचली असेल म्हणून दहाही बोटं पाहिली.
एकालाही काही नव्हतं.

मग आठवलं, पेरूवर उमटायचं ते.
बेसिनमधली गुलाबी चूळ
नळ सोडून मी वाहून घालवायचे,
हिशेबात न धरलेल्या कातरणासारखी.
आई म्हणायची, उष्णता आहे,
आणि स्वतः मिश्री लावत पायरीवर बसायची.
पन्नाशीत तिच्या तोंडात उरलं होतं
ते फक्त बोलणं.

सलोनी बिल्लोरेचा दवाखाना जेलरोडवर, दुसऱ्या मजल्यावर.
तिसरीतला तिचा फ्रॉक मी शिवलेला.
"काकू, आ करा."
बारीक सळई, तिच्यावर काळ्या खुणा.
दाताभोवती फिरवत ती आकडे सांगत गेली,
कोपऱ्यातली पोरगी लिहीत गेली.
तीन. पाच. चार. सहा. परत सहा.
मी डोळे मिटले.
टेप कायम माझ्या हातात, आणि आज
माझंच माप कुणी घेत होतं,
तेही आतून.

"हिरडी दातापासून सुटलीये, काकू.
मधे खिसा झालाय. त्यात सगळं साठतं."
खिसा!
हसू आलं, पण तोंडात सळई.
ब्लाउजला खिसा कुणी मागितला नाही,
मीही कधी लावला नाही,
आणि इथे न मागता, न शिवता
सहा-सहा मिलिमीटरचे.
काय काय ठेवलं होतं मी त्यांत?
सकाळच्या पोह्यांवरची शेव,
सराफ्यातला रात्रीचा गराडू,
आणि लग्नसराईतल्या त्या रात्री,
ब्रश न करता मशीनवरच डोकं टेकलेल्या.

चार खेपा लागल्या. किटण निघालं
तशा फटी दिसायला लागल्या.
मी घाबरले, अगं, तूच सैल केलेस की दात!
पण जुन्या कोटाचं अस्तर उसवल्यावरच कळतं
कापड आत किती विरलंय ते.
"हाड गेलं ते गेलं," ती म्हणाली,
"ते परत वाढत नाही."
शिवणीत आपण माया सोडतो,
पुढे कधी उसवून वाढवता यावं म्हणून.
तोंडात कुणी माया सोडलेली नसते.

निघताना तिने एक डबी दिली.
आत दोरा. मेण लावलेला.
मला!
"रोज रात्री, प्रत्येक दोन दातांमधून.
तोडायचा नाही, काकू. फिरवायचा."

ब्रश हिरडीच्या कडेला तिरका,
तुरपाईला सुई धरते तसा, अलगद.
दोन मिनिटं. तेवढ्यात माझी अर्धी बाही होते.
पहिले आठ दिवस दोरा लाल यायचा.
सोडून द्यावंसं वाटलं.
ती फोनवर म्हणाली, थांबू नका, थांबलात म्हणूनच हे झालं.
नवव्या रात्री आरशासमोर
दोरा उजेडात धरला.
पांढरा.
एवढा साधा रंग
मी कितीतरी वर्षं विकत आणत होते.

तीन महिन्यांनी पुन्हा माप.
तीन. तीन. चार. तीन.
मागच्या दाढेपाशी अजून पाच.
"ती हट्टी आहे," सलोनी म्हणाली, "लक्ष ठेवू."
दर तीन महिन्यांनी ये म्हणाली,
गिऱ्हाइकाला मी सांगते तसंच, तारखेसकट.

परवा तिने ॲप्रन शिवायला टाकला.
मी विचारलं, खिसे?
दोन.
खोल किती?
ती हसत सुटली, भिंतीला धरून.

रात्री दुसरा खिसा लावून झाला,
गाठ मारली,
आणि तोंड आपसूक दोऱ्याकडे गेलं.
जीभ त्या खाचेवर.
थांबले.
कात्री हाताशीच होती.