दुर्भाटचा फॉर्म

रकाने चार: धोका, शक्यता, तीव्रता, उपाय.
पहिल्या ओळीत लिहिते: गाळ.
शक्यता नक्की. तीव्रता गुडघ्यापर्यंत;
गेल्या साली प्रज्योतच्या मांडीपर्यंत.
त्याचा डावा बूट अजून जुवारीकडेच आहे.

दुसरी ओळ भरती. तक्ता सोबत जोडलाय.
तिसरी, मगर.
इथे पेन अडतं. एक ते पाचमध्ये
तिला कुठल्या आकड्यावर बसवू?

मानशीवरच्या उगो तारीला फोन लावला.
म्हणाला, ‘बाये, दिसली जाल्यार भिवूं नाकात.
दिसली ना जाल्यार बांदावयल्यान देंवूं नाकात.’
मग पौषातली चिखलाची मगर सांगत बसला,
तिचे शिंपल्यांचे दात, पाठीवरची फुलं.
‘तुमच्या कागदार बसता तें?’
नाही बसत.

उपाय: शिट्टी, दोर, प्रथमोपचाराची पेटी,
तिवरांत ओहोटीलाच उतरणे, जोडीनेच चालणे.
आणि समासात, पेन्सिलीने:
उतरताना अकरा, चढताना अकरा.
बारावी मी.
मला कुणी मोजायचं, याला रकाना नाही;
ते काम प्रज्योतला दिलंय.

तो यंदा अनवाणीच येतो म्हणतो.

चौथी ओळ: कालवं.