बिटाच्या रंगाची

गाड्यांच्या बाजारात मी एकटी गेले नव्हते.
सोबत डबल बास होता, कापडी झग्यात,
माझ्याहून वीतभर उंच, कमरेत ऐसपैस.
तार्तूच्या बसमध्ये त्याचं तिकीट मागत नाहीत,
पण लोक असे बघतात
जणू मी कुणाला तरी पळवून चाललेय.

विकायला तार्वो नावाचा पोरगा आला.
"किती हॉर्सपॉवर हवी, बाई?"
म्हटलं, मागची सीट पाडून दाखव.
शून्यावरून शंभरला किती सेकंदांत, ते तो सांगत राहिला,
मी डिकीत वाकून
शिवणकामाची टेप पसरत राहिले.

पहिली देखणी होती. सीट पडली,
पण मध्ये पायरी उरली चार बोटांची.
म्हाताऱ्या माणसाला उंबरठ्यावर निजवायचं का?
दुसरीचं तोंड चिंचोळं, आत मात्र भरपूर जागा;
अशी माणसंही पाहिलीत मी.
तिसरी एवढी लांब, की कार्लोवातल्या आमच्या गल्लीत
तिला वळवायला
दोन लाकडी घरं सरकवावी लागली असती.

चौथी कुंपणाशी उभी होती.
अकरा वर्षांची, उकडलेल्या बिटाच्या रंगाची,
डाव्या दारावर ओरखडा.
"ही? ही पेन्शनवाले घेतात," तार्वो म्हणाला.
सीटा पाडल्या. पोळपाटासारख्या सपाट.
बास सरकला आत, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत,
मान पुढच्या दोन सीटांमधून बाहेर आली
आणि डोक्याची लाकडी गुंडाळी
गिअरच्या दांड्यापासून बोटभर अंतरावर
शहाण्यासारखी थांबली.
झाकण लावलं. खट्.
आम्ही दोघंही जरा वेळ काहीच बोललो नाही.
"इंजिन नाही बघायचं?" त्यानं विचारलं.
बघितलं तेही. घासाघीस केली,
वाचलेल्या पैशांत खिळ्यांचे टायर आले.

बहीण माइमु पोट धरून हसली:
"पाच माणसांची गाडी, उर्वे,
आणि तू त्यात लाकूड वाहणार!"
हसू दे. फेब्रुवारीत, उणे एकोणीसला,
तिच्या नवऱ्याची जीप फुरफुरून गप्प झाली,
माझी दोनदा खोकून चालू झाली.
थिएटरमागे इतरांनी सोडून दिलेल्या फटीत
मी एका दमात शिरते,
उतरून, गरज नसताना, पुन्हा एकदा वळून बघते.

आणि हे तर तार्वोलाही ठाऊक नव्हतं:
बरोबर सत्तरच्या वेगाला,
अडुसष्टला नाही, बहात्तरला नाही,
बासाची सगळ्यात जाड तार
आपली आपण गुणगुणू लागते.
मग मी सत्तरच धरून ठेवते.
मागून लाकडाचे ट्रक भोंगे वाजवतात. वाजवोत.

विल्यांदीच्या कार्यक्रमानंतर
म्हाताऱ्या एन्डेलची शेवटची बस चुकली.
ओबोची पेटी जेवणाच्या डब्यासारखी मांडीवर घेऊन
तो माझ्याशेजारी बसला,
बासाची मान त्याच्या खांद्याला टेकलेली.
बाहेर बर्फ, काचेवर वायपरची ये-जा.
सत्तर आलं. तार बोलली.
एन्डेलनं टोपी कानावरून वर केली.
"खालचा ई आहे. पण किंचित उतरलेला."
"तार आत्ताच लावलीये मी."
"मग गाडी उतरलीये."
यावर आम्ही एल्व्हापर्यंत भांडलो,
पुढे तो झोपला, तोंड उघडं टाकून,
आणि त्या दोघांना
मी खड्डे चुकवत घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी पंपावर टायर तपासले.
चारही जरा बसलेले. हवा भरली.
आता तार त्र्याहत्तरला बोलते.
एन्डेलला कळवलं नाही अजून;
कळवलं तर रोज संध्याकाळी फोन येईल:
"आज किती?"
परवा मात्र, का कोण जाणे,
थोडी हवा मीच सोडून दिली.