शेरा

अमळनेरात नळाला पाणी सहाव्या दिवशी.
त्यामुळे घरोघर टाकी, रांजण, पिंप,
आणि प्रत्येकात बॅटरीचा झोत टाकून वाकलेला मी.
हिवताप विभाग, नोकरी बावीस वर्षं.
अळी दिसली की म्हणतो, ओता.
बाया म्हणतात, तुमचं काय जातं, पाणी आमचं जातं.
दाराशेजारी खडूनं तारीख टाकून
मी पुढच्या घरी.

ऑफिसच्या हौदातले गप्पी मासे एकदा वाटून उरले,
बरणीतून घरी आणले.
मग दोन फुटांची काचेची पेटी आली,
मग धुळ्याहून एक रोप, ओल्या कागदात गुंडाळलेलं, तीस रुपयांचं.
त्याच्या पानामागं एक थेंब होता
डिंकासारखा, आत बारा-पंधरा ठिपके.
बावीस वर्षं पाण्यात ठिपकेच शोधतोय.
नेमके तेवढे दिसले नाहीत.

पुढं काचेवर मोहरीएवढ्या गोगलगायी.
मोजल्या, छत्तीस.
जेवून येऊन मोजल्या, एक्केचाळीस.
नर वेगळे काढा, माद्या वेगळ्या, ती सोयच नाही,
प्रत्येक जण दोन्ही आहे,
आणि सोबतीला कुणी नसलं तरी एकटीचं भागतं.
सिंधू म्हणाली, बरंय की,
मांडव नको, मानपान नको, रुसणारा मामा नको.

झिपरू आप्पा ओट्यावरून ओरडला,
"लोकेसना रांजन उलथा करस,
आनि घरमा काय पोसस रे भो?"

कामाच्या थैलीत बाटली आहे.
दोन थेंब टाकले असते.
पण त्याच पाण्यात एक गप्पीण, पोट टम्म,
आज-उद्यावर आलेली.
मी झाकण उघडलं, वास आला, लावून टाकलं.

मग दोऱ्याला बांधून वांग्याची फोड सोडली रात्री,
भरताचं, हिरवं, बामणोदचं.
सकाळी जशीच्या तशी.
खान्देशात जन्मून!
दुसऱ्या रात्री गिलक्याची चकती, जरा उकडून.
पहाटे ओढली तर चकती दिसेचना,
सगळे शंख, दाटीवाटीनं, पंगतीला बसलेले.
वाटीभर निघाले.
बोरी नदीत सोडू नका, सिंधू म्हणाली,
जणू वैशाखात बोरीत पाणी असतं.
आप्पाच्या कोंबड्यांनी टिपून टाकले.
आता रोज सकाळी तोच हाक मारतो,
"आज कितल्या निंघन्यात?"

तरी कमी होईनात.
पारोळ्याला फवारणीला गेलो आठ दिवस,
सिंधूनं माशांना दोनदाच घातलं, तेही आठवलं तेव्हा.
परत आलो तर काचेवर नवा थेंब एकही नाही.
खडूनं बाजूला मांडलेले आकडे पाहत राहिलो.
संध्याकाळी ड्यूटीवरून आलो की मासे काचेशी येतात,
मला बरं वाटतं,
म्हणून एक चिमूट. मग आणखी एक.
ते खातात किती? खाली जातं किती?
माझं बरं वाटणंच
शंख पाठीवर घेऊन काचेवर चढत होतं.

आता दिवसाआड, चिमटीची अर्धी.
मासे येतात, तोंडं उघडतात,
गल्लीतल्या बाया बघतात तसे बघतात.
मी नजर देत नाही.

पाणी आलं की पेटीतलं चार तांबे काढतो,
ते कढीपत्त्याला.
नखानं काच खरवडतो कोपऱ्या-कोपऱ्यातून,
थेंब बोटावर घेतो, उजेडात धरतो,
आतले ठिपके हलत असतात कधी कधी.
तेव्हा घाई करावी लागते.

सर्वेक्षणात माझ्याही घराचा नंबर येतो.
फॉर्म मीच भरतो, स्वतःच्या ओट्यावर बसून.
भांडी तपासली: सात.
अळी आढळली: नाही.
पंपाच्या मागं एक थेंब आहे,
तिथं बोट पोचत नाही, गिलक्याला तो येणार नाही.
सकाळीच पाहिलाय.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवून बसलोय,
शाई जरा पसरली.