अठरा दात

झिलू च्यारीचं दुकान बाजारात,
पुलाकडे उतरताना डाव्या हाताला.
गावाचं नाव साखळी, आणि गावात साखळी जोडणारा
आता एवढा एकच.
मी तिथे बसतो. पेन्शनरला सावली लागते.

एकतीस वर्षं टपाल नेलं, मोर्ले, केरी.
मागच्या चाकाला एकच चकती, अठरा दातांची.
सपाटीला ती, चढाला तीच,
कुणाच्या मरणाची तार खिशात असतानाही तीच.
दुसरा गियर विचाराल तर
उतरायचं आणि ढकलायचं.

रेजिदोराची सायकल विलायती, पाखल्यांच्या काळातली.
तिचे दात पोटात.
आसाच्या भोकातून एक साखळी बाहेर यायची,
नथीच्या साखळीएवढी बारीक,
ती ओढली की तीन वाटा.
हब टिकटिकायचा भिंतीवरच्या घड्याळासारखा,
रेजिदोर येतोय हे दोन वळणं आधी कळायचं
आणि भांडणारे भाऊ एकमेकांना पान द्यायचे.
झिलूने तो हब एकदाच उघडला.
मध्ये सूर्य, भोवती चार ग्रह फिरताहेत.
त्याने तेल सोडलं आणि झाकण लावलं.
म्हणाला, यात आपण हात घालू नये.

मग कुवेतहून पास्कोलने आणली पाच चकत्यांची,
चौदापासून अठ्ठावीस.
दांडीवर कळ, तिला खटका नाही,
गियर कानाने शोधायचा.
पास्कोलला कान नव्हता.
ते फ्रीव्हील काढायला चाक व्हाइसमध्ये धरून
आम्ही दोघे लोंबकळलो अर्धा तास,
आटे सुटले तेव्हा दोघेही जमिनीवर.
आत दोन कुत्रे, केसाएवढ्या स्प्रिंगवर.
ग्रीस घट्ट झालं की ते चावत नाहीत,
पायडल नुसतं वाऱ्यावर फिरतं.

आणि काल ही मुलगी. बेळगावची, कडोलकरांची समिधा,
चोर्ल्याच्या घाटात मागचा गियर दगडावर आपटून
अर्धा तुटलेला, लोंबणारा,
घाट उतरून बाकी वाट चालत आलेली.
मागे बारा चकत्या. मी मोजल्या, दुसरं काम काय.
सगळ्यात लहान दहा दातांची, अंगठीत बसेल अशी,
सगळ्यात मोठी एक्कावन्न, भाकरीएवढी.
चढत जाताना पाचवी:
अठरा.
माझी. एवढ्या गर्दीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

झिलूने चष्मा पुसला. हा भाग इथे मिळत नाही,
पणजीलाही नाही, म्हणाला.
मग तुटकं सगळं काढून ठेवलं,
तिच्याच खिशातल्या छोट्या हत्याराने साखळी तोडली,
त्याचा जुना पंच तिच्या पिनेला जाडा होता,
आणि म्हणाला, कुठच्या एकावर जाणार सांग.
मी म्हटलं अठरा.
अठरावर साखळी झोळीसारखी लोंबली.
कडी कमी केली तर पोचेना.
शेजारच्या एकवीसवर ताठ बसली,
बोट मारलं तर वाजली.

ती बाकीच्या चकत्यांकडे बघत होती.
बारांचे पैसे भरले होते तिने, बापाने हप्ते.
झिलू म्हणाला,
"चेडवा, बाकीचीं अकरा नुसतीं भोंवपाक येतलीं."
पहिल्यांदा हसली.

पुढे माझ्या चव्वेचाळीस, तिच्या बत्तीसच;
म्हणजे सपाटीला तिचे पाय भिंगरीसारखे फिरतील
आणि घाटात तरीही पुरणार नाही.
हे तिला ठाऊक होतं. माझ्याकडे न बघता
बाटलीत पाणी भरत होती.
तोडलेल्या कड्या झिलूने कागदात बांधून दिल्या,
काढलेला दात द्यावा तशा.

मी एवढंच सांगितलं:
मोर्लेच्या चढावर, दोन काजूंच्या अलीकडे, मोरी आहे.
तिचा कठडा बसायला बरा आहे.
मी तिथे उतरायचो. रोज.
कुणी बघत असलं तरी.