दार

*पीटर्सबर्गबाहेर, व्हर्जिनिया. १८६५चा हिवाळा.*

खोपटाला दार नव्हतं तोवर
आम्ही घोंगडी टांगून वारा अडवायचो,
म्हणजे रोज रात्री एकाने कुडकुडायचं,
पाळीपाळीने.
मग असाहेलने हे दार आणलं,
डोक्यावर घेऊन, मैलभर चिखलातून.
कुठल्या घराचं, विचारलं नाही कुणी.
त्या बाजूला घर म्हणावं असं
आता एक धुराडं तेवढं उभं आहे.

बिजागरी एकच धड होती, म्हणून उलटं बसवलं.
त्यामुळे कडेला चाकूने पाडलेल्या खाचा
आठवडाभर कुणाच्या ध्यानात आल्या नाहीत.
मान वाकडी केली की वाचता येतं:
थर्झा, पाच वर्षं. थर्झा, सात.
विल्की, दोन (उभा राहत नव्हता).
लहानपण वर, छताशी.
वाढत जावं तसं खाली, जमिनीकडे.

बाकी रोजचं तेच.
बिगूल, हजेरी, खारवलेलं डुक्कर,
बंदुकीच्या दस्त्याने फोडायचं बिस्किट.
कॉफीत टाकलं की अळ्या वर येतात.
आम्ही चमच्याने काढतो, ईबन काढत नाही.
म्हणतो, चार वर्षांत ताजं असं हेच मिळालं.
शुक्रवारी पळपुट्यांना गोळ्या घालतात
आणि आम्हाला ते बघायला उभं करतात.
गेल्या शुक्रवारचा माझ्याच गावाकडचा होता,
बूट काढून शेजारच्याला देऊन गेला.

जानेवारी संपता संपता तहाची बोलणी करायला
तीन म्हातारे बग्गीतून आमच्या बाजूला आले.
दोन्हीकडच्या खंदकांवर माणसं चढली,
टोप्या उडवल्या, घसा बसेस्तोवर ओरडली.
म्हातारे परत गेले.
त्या रात्री तोफा जरा जास्तच वाजल्या,
आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.
एवढी वर्षं नव्हती असं नाही,
पण ही वेगळी. हिशेब मिटत आला असताना
खिशातली शेवटची दमडी हरवावी, तसली.

घरी आता मेपलच्या खोडांना तोट्या ठोकत असतील.
बाबांचा हात थरथरतो, असं पत्रात आहे.

एका रात्री पलीकडचा एक जण आला,
हात वर, पायाला गोणपाट.
नॉर्थ कॅरोलिनाचा, एवढंच बोलला.
ईबनने त्याला अळ्यांसकट कॉफी दिली.
शेकोटीपाशी पाय धरून बसला होता,
मग नजर दारावर गेली.
उठला. मान वाकडी केली.
एका खाचेवर अंगठा ठेवला,
आणि पहारेकरी न्यायला येईपर्यंत काढला नाही.
आम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.
कुणाच्याही घरी अशा खाचा असतात.

दुसऱ्या दिवशी असाहेल म्हणाला, ऑरिनला मोजू.
ऑरिन वय खोटं सांगून भरती झालेला,
तेव्हा पंधराचा असेल, डगल्यात बुडालेला.
दार काढलं, सुलटं केलं, भिंतीला टेकवलं.
भर थंडीत उघड्या खोपटात चौघे
दात वाजवत हसत होतो.
टाचा टेक, टोपी काढ, फसवू नकोस.
थर्झाच्या शेवटच्या खाचेहून हातभर वर
ईबनने खाच पाडली.
मला म्हणाले, तूही ये.
मी नको म्हटलं. या खंदकात वाकून वाकून
किती उरलोय, ते कशाला लिहून ठेवा.

मार्च सरताना निघायचा हुकूम आला.
ज्याने त्याने नको ते फेकलं:
तवे, पत्ते, देवाची पुस्तकं.
असाहेलने दार उचललं, डोक्यावर घेतलं.
आम्हाला वाटलं, जाळायला.
परत आला तो तासाने, हात रिकामे.
सार्जंटने त्याला आईवरून शिव्या दिल्या.
धुराड्याला टेकवून आलोय, म्हणाला,
सुलटं.

रांग लागली.
ऑरिन माझ्यापुढे होता.
शरद ऋतूत मी त्याच्या डोक्यावरून
सगळा रस्ता बघत चालायचो.
आता पुढचं काही दिसेना.