चुकीचे पर्याय

हळदीच्या वखारीशेजारचा लोखंडी जिना चढला
की मगदूम सरांचा क्लास.
मी तिथं प्रश्न काढतो,
एका प्रश्नाचे दोन रुपये.

प्रश्न काढणं अवघड नाही.
उत्तर पुस्तकात छापलेलंच असतं.
जीव जातो तो बाकीच्या तिघांवर.
तीन चुकीचे पर्याय,
बरोबर उत्तराच्या भावकीतले,
तोंडावळा तोच,
फक्त सातबाऱ्यावर नाव नाही.

कलम विचारलं तर एक अलीकडचं, एक पलीकडचं.
घाट विचारला तर शेजारचा घाट.
साल विचारलं तर एका वर्षाचा फरक ठेवायचा,
पोरं तिथंच घसरतात.
एका वर्षात काय काय घसरतं
ते मला कुणी शिकवायला नको.

सहा वेळा परीक्षा दिली मी.
पाचव्या वेळी अंतिम उत्तरतालिका आली,
प्रश्न एकसष्ट : रद्द.
दोन पर्याय बरोबर ठरत होते म्हणे.
त्यातला एक मी काळा केला होता,
नीट, गोलाबाहेर शाई जाऊ न देता.
यादी माझ्या एक गुण वर थांबली.

वडील मार्केट यार्डात तोलार.
त्यांनी विचारलं, चुकलं का तुझं?
नाही.
मग बरोबर आलं?
तसंही नाही.
मग झालं काय?
म्हटलं, विचारलंच नव्हतं असं धरायचं.
ते बराच वेळ काट्याकडे बघावं तसे
माझ्याकडे बघत राहिले.
माल तोलला, वहीत लिहिला,
आणि पट्टीत आलाच नाही?
असं आमच्यात चालत नाही, म्हणाले,
आणि जेवायला बसले.

परवा मंगळवारच्या पेपरात
मी सदतिसावा प्रश्न घातला :
वारणा कृष्णेला कोठे मिळते?
माहुली. कराड. हरिपूर. नरसोबाची वाडी.
चारही संगमच, चारही खरे.
असे पर्याय रोज सुचत नाहीत.
खुशीतच होतो,
आणि उत्तरतालिकेत तिसऱ्याऐवजी
चौथा आकडा पडला.

संध्याकाळी अलमास मुजावर
टेबलासमोर येऊन उभी राहिली,
घडी घातलेला पेपर हातात.
सर, मी हरिपूरची.
आमच्या गल्लीच्या टोकाला गेलं की दिसतंय,
एक पाणी गढूळ, एक जरा निवळ,
लांबपर्यंत शेजारी शेजारी जातंय.
मग थांबली, म्हणाली,
एकोणीस साली विचारलं असतं
तर मी लिहिलं असतं, आमच्या स्वयंपाकघरात.
हा पर्याय तुम्ही दिला नसता.

मागची दोन पोरं हसली.
ती हसली नाही.

मगदूम सर आतून ओरडले,
कशाला घोळ घालतोस, रद्द कर तो प्रश्न,
सगळ्यांना सारखं.
आणि पेन माझ्या हातात होतं,
आणि रद्द हा शब्द किती लहान असतो
ते मला तेव्हा दिसलं.
तीन अक्षरांचाही नाही.

खाली वखारीत कुणीतरी पोती उलटत होतं.
पिवळी धूळ जिन्यानं वर आली,
मला शिंका आल्या, दोन,
तिसरी आलीच नाही.

मी फळ्यावर लिहिलं :
प्रश्न सदतीस, उत्तर हरिपूर.
खाली लिहिलं, चूक आमची.
आमची खोडून माझी केलं.

मग रात्री साडेनऊपर्यंत
चौऱ्याऐंशी पेपर पुन्हा तपासले.
वाडी लिहिणाऱ्यांचे गुण उतरले,
त्यातला एक अजून माझ्याशी बोलत नाही.
माझे त्या प्रश्नाचे दोन रुपये कापले गेले,
ते बरोबरच.

अलमासचा कापलेला पाव परत आला,
वर एक मिळाला.
सव्वा.
शुभकार्याला देवापुढं ठेवतात तेवढा.